धुकेभाऊचे चाळीस थर

ऑफिसात त्याला सगळे धुकेभाऊ म्हणत. जाहिरातींच्या फिल्ममध्ये संगणकावर धुकं तयार करायचं, एवढंच त्याचं काम. पण त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चित्रावर नुसता पांढरट पट्टा चिकटवणाऱ्यांची त्याला किळस यायची. "हे धुकं नाही, पुसायची राहिलेली काच आहे," म्हणायचा. स्वतः तो चाळीस थर एकामागे एक, खोलवर मांडायचा. कॅमेरा पुढे सरकला की जवळचे थर झरझर मागे जात, लांबचे हलतही नसत.

मग एका नव्या वसाहतीची फिल्म आली. इमारतींमागे कचऱ्याचा डोंगर, त्यातून उठणारा पिवळट धूर.

"यावर सकाळचं धुकं घाल," मॅनेजर म्हणाला. "घरं विकायचीत."

त्याच डोंगराला लागून धुकेभाऊच्या थोरल्या भावाचं घर होतं. तिथे घास धुरासकट गिळावा लागे. सुट्टीच्या दिवशी तो भावाकडे गेला.

"दादा, मी सरळ नाही म्हणून सांगणार आहे."

दादा खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबत होता. "शहाणाच आहेस. तुला ही घाण महिन्यातून एकदा हुंगायची असते. आम्ही बारा वर्षं हुंगतोय. त्या वसाहतीपायी लोक इकडे फिरकले, तर माझंही घर खपेल. घाल धुकं. दाट घाल."

"आणि घेणाऱ्याचं काय?"

"माझ्या वेळी विचारलं होतं कुणी?"

वहिनी खोकता खोकता म्हणाली, "भावजी, एवढं कराच."

त्याने केलं. धूर पुसला नाही. त्याचा पिवळा रंग काढून घेतला आणि त्याच्याच हेलकाव्यांवर आपले थर झुलवले. इतकं जिवंत धुकं त्याला आजवर जमलं नव्हतं. मॅनेजरने पाठ थोपटली. ती पाठ दिवसभर ओशट वाटत राहिली.

तीन महिन्यांत दादाचं घर गेलं. घेणारं जोडपं तरुण, बाईच्या कडेवर तान्हं मूल.

"फिल्म बघूनच आले होते," दादा फोनवर सांगत होता. "बाई विचारते, धुकं किती वाजता येतं?"

"मग?"

"म्हटलं, साडेसहाला. अगदी रोज. तेव्हाच पेटवतात ना कचरा."

धुकेभाऊ हसला. आपण हसलो हे कळताच त्याने फोन कानापासून लांब धरला, कुणाचं उष्टं भांडं धरावं तसा.