नानकटाईवरचं फूल आणि पंधरा इंची चाकं: वर्धा, नागपूर, रोहणा

लोक मोठी चाकं लावायला नागपूरला जातात, मी लहान लावायला निघाले होते. तरी शुक्रवारी रात्री मला झोप लागेना. नवे टायर येणार म्हटलं की माझं असं होतं, माहेरी निघालेल्या बाईसारखं.

आधी गाडीची ओळख. नऊ वर्षं जुनी जर्मन सेडान, दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका हौशी माणसाकडून घेतलेली. त्यानं कंपनीची पंधरा इंची चाकं विकून सतरा इंची काळी अलॉय बसवली होती, वर चपटे टायर. चपटा टायर म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर कमी. गुळगुळीत महामार्गावर वळण घेताना गाडी अशी चिकटून राहायची की मी एकटीच हसत सुटायचे. वर्ध्याच्या चौकात पोट्टे वळून बघायचे. माझं औषधाचं दुकान आहे, तिथे खोकल्याच्या बाटल्या देताना कुणी वळून बघत नाही, त्यामुळे मला त्याचं फार अप्रूप होतं.

आईचं मत मात्र पहिल्याच दिवशी ठरलं. "दिसाले नवरदेव, बसाले पाटा." पाटा म्हणजे चटणी वाटायचा, दगडाचा. आईचा मणका दुखरा आहे, कमरेला पट्टा असतो. मागच्या हिवाळ्यात मी तिला रोहण्याला नेलं, तिच्या मोठ्या बहिणीकडे. तारामावशी गावात नाही, शेतात राहते, आणि डांबरी रस्ता संपला की तिच्या घरापर्यंत पांदण आहे, बैलगाड्यांनी चाकोऱ्या पाडलेली कच्ची वाट. त्या वाटेवर चपट्या टायरांनी आईच्या पाठीचं जे केलं, त्यानंतर ती कितीतरी दिवस अंथरुणात होती. उठली तेव्हा म्हणाली, "या गाडीत मी पुन्हा बसणार नाई." बस रोहण्यापर्यंत जाते, पण पुढची पांदण आईला चालवत नाही आणि मावशीला तर घराबाहेर पडणंही जड जातं. तेव्हापासून दोघी बहिणी फोनवरच भेटतात. कुणी रोहण्याकडे जाणारं सापडलं की आई पूर्वीपासूनच त्याच्या मोटरसायकलवर नानकटाईचा डबा पाठवते आणि मावशीचा फोन येतो, "पोचली व. भुगा झाला, पण चव चांगली हाय."

मला माझी काळी चाकं आवडत होती, पण आई आणि मावशी एका अंगणात बसलेल्या मला त्याहून जास्त हव्या होत्या. म्हणून ठरवलं: पुन्हा कंपनीची पंधरा इंची रिम आणि त्यावर उंच गालाचे टायर, एकशे पंच्याण्णव साठ, म्हणजे रुंदी एकशे पंच्याण्णव मिलिमीटर आणि बाजूच्या रबराची उंची त्याच्या साठ टक्के. तुम्हीही असा बदल करणार असाल तर एवढं बघा की चाकाची एकूण उंची साधारण तेवढीच राहिली पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. रिम लहान, रबर जास्त, उंची तीच. हे गणित मला इतकं आवडलं की मी ते आईलाही समजावलं. ती म्हणाली, "बसून पाह्यल्याशिवाय मले काई पटत नाई. अन् मी बसणार नाई."

शनिवारी सकाळी निघताना तिनं माझ्या हातात डबा दिला. "कामाच्या माणसाले दे. काम नीट करन."

आमच्याकडे नानकटाई घरी भाजत नाहीत. रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं, तिथल्याच परातीत मळायचं, गोळे करायचे आणि ट्रे भट्टीत द्यायचा. आईच्या नानकटाईवर मधोमध एक फूल उमटलेलं असतं, सहा पाकळ्यांचं. बेकरीतल्या बायका दोन वर्षांपासून विचारतात, ठसा कुठून आणला. आई सांगत नाही.

वर्ध्याहून नागपूरला समृद्धीनं भुर्रकन जाता येतं, पण मी मुद्दाम जुन्या रस्त्यानं गेले, काळ्या चाकांना निरोप द्यायला. सेलू गेलं, केळझरला टेकडीवरच्या गणपतीला येणाऱ्यांची गर्दी नुकती सुरू झाली होती. खाली टपरीवर आलूबोंडा आणि चहा घेतला. चहावाला चाकांकडे बघून म्हणाला, "मस्त हायेत न. कितीचे बसवले?" काढायला चालले हे त्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं. नागपुरात शिरल्यावर आधी तर्री पोहे खाल्ले, कारण तर्री पोह्यांशिवाय नागपुरात कुठलंही काम सुरू करू नये असं माझं मत आहे.

टायरवाले रफिकभाई यांच्याशी आठवडाभर फोनवर बोलणं चालू होतं. त्यांनी माझ्यासाठी जुनी पण सरळ अशी मूळ रिम शोधून ठेवली होती. दुकानात पाय ठेवल्याबरोबर मला ती दिसली, भिंतीला टेकवलेली, शेजारी चार कोरे टायर. कोऱ्या टायरांवर ते रबराचे बारीक केस असतात ना, त्यावरून मी हात फिरवला. काळ्या चाकांचं दुःख तिथेच संपलं.

गाडी जॅकवर गेली. रफिकभाईंनी बोल्ट सैल केले आणि थांबले. "ताई, दर चाकाले एक लॉक बोल्ट हाय. चोरी होऊ नये म्हणून लावतात. याची चाबी द्या."

मला चाबी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. दोन वर्षांत दोनदा पंक्चर झालं होतं, दोन्ही वेळा चाक न काढताच निघालं. आम्ही डिकी उपसली. जॅकच्या खोक्यात चाबी ठेवायची एक गोल खाच होती आणि ती रिकामी होती. पुण्याच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, दिली होती, तिथेच होती. रफिकभाई म्हणाले, "ठोकून काढू शकतो, पण रिम खराब होईन अन् त्याचे पैसे मी देणार नाई."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. आठवडाभराचा उत्साह पार उतरला होता. चहा आला, तेव्हा आठवलं म्हणून डबा उघडून रफिकभाईंसमोर धरला. त्यांनी एक नानकटाई उचलली, तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली आणली. मग चाकाजवळ जाऊन ती बोल्टच्या तोंडापाशी धरली. सहा पाकळ्या इथे, सहा पाकळ्या तिथे.

"ताई," ते म्हणाले, "चाबी तं तुम्ही डब्यात घेऊन फिरता."

मला आधी हसूच फुटलं, मग घाईघाईनं आईला फोन लावला.

"आई, नानकटाईचा तो ठसा कुठे आहे?"

"घरीच, मैद्याच्या डब्यात. काऊन?"

"तो ठसा नाही गं. गाडीच्या चाकाची चाबी आहे."

"गाडी आणली तवा मीच विचारलं होतं न तुले, हे लोखंडाचं फूल कशाचं हाय. तूच म्हणे, काई नाई, फेकून दे. मी सोड्यात उकळून घेतलं. जर्मनीवाले बिस्किटं करत असतीन असं वाटलं मले."

मी म्हटलं, बसच्या कंडक्टरजवळ दे पाठवून, मी स्टँडवर घेते. आपल्याकडे तसं अख्खं सामान चालतं. पण आई म्हणाली, "कंडक्टरनं हरवला तं? माहा ठसा हाय तो. मीच येतो घेऊन."

दुपारी ऑटोतून आई उतरली, कमरेला पट्टा, हातात पर्स, पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली चाबी. पाठ दुखली का विचारलं तर म्हणाली, "बसचे टायर पाह्यले काय तू? किती जाड हायेत." माझं महिनाभराचं गणित तिनं असं एका वाक्यात गुंडाळलं.

चाबी लागली, चाकं उतरली. आई खुर्ची टाकून सगळं बघत बसली. बहुतेक गाड्यांना हबवर, म्हणजे चाक बसतं त्या तबकडीवर, बाहेर आलेले आटेदार स्टड असतात, चाक त्यावर टांगायचं आणि नट फिरवायचे. या गाडीला स्टड नाहीत, चाक हातावर तोलून भोक जुळवायचं आणि मग बोल्ट आत घालायचा. आणखी एक ध्यानात ठेवा. मूळ रिमला गोल बुडाचे बोल्ट लागतात, बाहेरच्या अलॉयला निमुळते. एकाचे दुसऱ्याला लावले तर चाक नीट बसत नाही आणि चालत्या गाडीत सैल होतं. रफिकभाईंनी रिमबरोबर गोल बुडाचेच बोल्ट दिले. चार टायरांचे सव्वीस हजार, आणि जुन्या चाकांच्या बदल्यात रिम जवळजवळ फिटली.

तिथेच घोडं अडलं. काळी चाकं रफिकभाई ठेवून घेणार, म्हणजे त्यांना चाबीही हवी. आईनं पर्स घट्ट धरली.

"चाबी नाई भेटणार."

"आई, चाबीशिवाय लॉक बोल्ट काय कामाचे?"

"तं तेही देऊन टाका मले. तुम्ही साधे लावा."

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नव्या टायरांकडे पाहिलं. शेवटी ते हसले, चार लॉक बोल्ट कागदात बांधून दिले आणि आणखी एक नानकटाई घेतली.

आता खरी परीक्षा. आई बसनंच परत जाते म्हणाली. मी दार उघडून उभी राहिले. ती टायरापाशी वाकली, अंगठ्यानं दाबून बघितला, जशी वांगी बघते तशी, आणि बसली. बुटीबोरीपर्यंत तिचा हात वरच्या कडीला होता. स्पीडब्रेकर आला की मी श्वास धरायचे. केळझरला तिनं कडी सोडली आणि म्हणाली, "चहा पाज." सेलू मागे पडल्यावर म्हणाली, "आवाजही कमी झाला." वर्ध्यात शिरताना तिनंच विषय काढला. "उद्या रोहण्याले जाऊ. पण पांदणीत पाठ धरली तं मी तठीच उतरन. मंग तू जाण अन् तुही गाडी जाणे."

रविवारी सकाळी बोल्ट पुन्हा कसून घेतले, नवी चाकं लावल्यावर पन्नास-साठ किलोमीटरनं हे करायचंच, आणि निघालो. देवळीकडे कापसाच्या ट्रॉल्या, इतक्या भरलेल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले. पुलगावला चहा, मग आर्वी रस्ता. तुरी वाळत आलेल्या, हवेत गारवा. नानकटाईचा उरलेला डबा आईच्या मांडीवर.

रोहणा गेलं आणि डांबर संपलं. पांदणीच्या तोंडाशी एक काका बैलगाडी बाजूला घेऊन थांबले. "आत जाईन काय व ही गाडी?"

"जाते," आई काचेतून म्हणाली. "चाकं बदलले."

मला तिचा मुका घ्यावासा वाटला, पण समोर चाकोरी होती. पहिला गिअर, एक चाक मधल्या उंचवट्यावर, एक कडेला. मागच्या वर्षी जिथे धाडकन आपटलो होतो तो दगड तिथेच होता. टायर त्यावर चढला, दबला, उतरला. मी आईकडे बघितलं. ती डब्याकडे बघत होती.

तारामावशी अंगणात बाजेवर बसली होती. गाडी ओळखली नाही तिनं. आई स्वतः दार उघडून उतरली, कुणाचा हात न धरता, आणि म्हणाली, "जयभीम, बाई." मोठ्या बहिणीला ती बाईच म्हणते. मावशी तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "माय, तू आली व," आणि दोघी बाजेवर एकमेकींचे हात धरून बसल्या. मी उगाच टायर तपासत राहिले, कारण मला रडू येत होतं.

चहा झाला, डबा उघडला. एकही नानकटाई मोडली नव्हती. मावशीनं एक उचलली, डोळ्यांजवळ नेली.

"हे फूल कशाचं व?"

"पह्यलेपासूनच हाय. दोन वर्षं झाले."

"मले तं कधी दिसलं नाई," मावशी म्हणाली. "माह्याकडे भुगाच येते न."

आईनं पदर डोळ्यांना लावला. दोन वर्षं ती एकेका गोळ्यावर फूल उठवून पाठवत होती, आणि ज्या एकीला ते दिसावं असं तिला वाटत होतं, तिला ते दिसलंच नव्हतं. मावशीनं मात्र नानकटाई चहाच्या बशीत टाकली आणि चमच्यानं कुस्करली.

"अवं, आख्खी आणली अन् तू भुगा करून राह्यली?"

"दात कुठी हायेत मले?" मावशी म्हणाली. पण एक अख्खी तिनं बाजूला काढली आणि आत नेऊन बुद्धाच्या फोटोजवळ फळीवर ठेवली. जेवायला वांग्याचं भरीत आणि भाकर होती. निघताना डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून मावशीनं तो संत्र्यांनी भरला. परतताना देवळीच्या पुढे आई झोपली, ज्या गाडीत पुन्हा बसणार नव्हती त्याच गाडीत, मान माझ्याकडे कलंडून.

आता हिशेब. वळणावर गाडी पूर्वीसारखी चिकटत नाही, हे कबूल. चौकात कुणी वळून बघत नाही. डिकीतली चाबीची खाच रिकामीच आहे, चाबी स्वयंपाकघरात परत गेली. लॉक बोल्टही आईनं सोड्यात उकळून ठेवलेत, त्यांचं उलटं फूल कसं उमटतं ते तिला बघायचं आहे. गिरडची टेकडी मला नव्या टायरांवर कधीची करायची आहे, आणि येत्या रविवारी मी तेच ठरवलं होतं.

पण काल मावशीचा फोन आला. "फळीवरच्या फुलाले मुंग्या लागल्या व," ती म्हणाली. "दुसरं घेऊन ये."

आईनं फोन ठेवला, ठसा रुमालात गुंडाळला, तुपाची बरणी आणि मैदा पिशवीत घातला आणि दारात उभी राहिली.

"बेकरी बंद व्हाच्या आत पोचाचं हाय," ती म्हणाली. "गाडी काढ."