दवाखान्यातला टीव्ही, टीव्हीतला दवाखाना

निवांत माणसाकडं किस्से साठत नाहीत बघा. तो झालं-गेलं विसरतो आणि झोपतो. किस्से साठतात ते माझ्यासारख्या काळजीखोर बाईकडं. जिथं जिथं जीव टांगणीला लागला होता, तिथलं सगळं बारीकसारीक लक्षात राहतं आणि चार माणसं जमली की बाहेर पडतं.

माझी सून म्हणते, "आई, तुम्हाला हॉस्पिटलच्या सिरियली एवढ्या आवडतात, मग बघताना उशी का आवळून धरता?" आता तिला काय सांगू! उभा जन्म सिस्टर म्हणून नोकरी केली. पडद्यावर कुणी स्ट्रेचर पळवत आणलं की इकडं मी घामाघूम. हल्ली तर ज्या त्या चॅनलवर एक हॉस्पिटल उघडलंय. चकाचक काचा, डॉक्टरांची लफडी, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी मरता मरता वाचणार! बंद करते म्हणते, पण बंद करवत नाही. वाचला का गेला ते कळल्याशिवाय उठायचं कसं?

ही खोड मला लागली पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला. तेव्हा चॅनल एकच आणि दवाखान्याची सिरियलही एकच, रविवारी संध्याकाळी. मी होते उस्मानाबादजवळच्या बेंबळीपासून थोडं आत एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून भेटतात आणि भांडतात.

*

गावात सरकारी दवाखाना होता. मी होते, जीप होती, जीपवर मस्तानचाचा होते आणि झाडलोटीपासून बाळंतिणीच्या शेकापर्यंत सगळं बघणारी आया गयाबाई होती. नव्हता तो डॉक्टर! यायचे आणि जायचे. एकानं तर एसटीतून उतरल्या उतरल्या टँकरपुढची घागरींची रांग बघितली आणि त्याच गाडीनं परत गेला. वळकटीची दोरीसुद्धा सोडली नाही!

आम्ही हसायचो. गयाबाई मात्र हसायची नाही. तिच्या लेकीचं, सुलोचनाचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा डॉक्टरची खुर्ची अशीच रिकामी होती. बाळ आडवं. जीपमध्ये घालून उस्मानाबादची वाट धरली, पण बाळ वाटेतच गेलं. आता सुलीला पुन्हा दिवस गेले होते. पुण्याचे डॉ. सबनीस नवे हजर झाले, त्या दिवसापासून गयाबाईचा मला रोज एकच सवाल. "शिस्टर, ह्यो वैशाखापत्तुर टिकंल का ओ?"

"टिकेल गं," मी म्हणायची आणि डॉक्टरांची वळकटी सोडलेली आहे ना, ते हळूच बघून यायची.

दूध सोसायटीचे चेअरमन आप्पा. त्यांनी या विषयावर मीटिंगच लावली. "मानूस टिकतो तीन गोष्टींनी," आप्पा म्हणाले. "शेतानं, बायकोनं, न्हायतर करमणुकीनं. डॉक्टरला शेत न्हाय. बायको पुन्याला. मंग आपल्या हातात ऱ्हायलं काय?"

दुष्काळानं सोसायटीचं दूध निम्म्यावर आलं होतं, तरी टीव्ही आला! लसीच्या फ्रीजमुळं दवाखान्याची लाईट त्यातल्या त्यात बरी होती, म्हणून तो ठेवला दवाखान्याच्या हॉलमध्ये. आणि अँटेना लावली गावच्या पाण्याच्या टाकीवर. टाकी नाहीतरी रिकामीच होती.

*

अँटेना फिरवायला मस्तानचाचा टाकीवर चढले. खाली हॉलमध्ये टीव्हीसमोर आप्पा. वरून चाचा ओरडायचे, "आया क्या?" आप्पा खालून, "न्हाय!" असं बराच वेळ चाललं. शेवटी चित्र आलं आणि आप्पा आनंदानं बाहेर येऊन बोंबलले, "आलं! आलं!"

टाकीवर माणूस चढलेला अन् खाली चेअरमन "आलं" म्हणतायत! गल्ल्यागल्ल्यांतून बाया घागरी, कळशा, हंडे घेऊन धावत सुटल्या. एका म्हातारीनं तर तांब्याही सोडला नव्हता. पाणी नाही, टीव्ही आलाय हे कळल्यावर जे काही आप्पांनी ऐकून घेतलं, ते मला इथं सांगता यायचं नाही. मी नुसती दारात उभी होते. डॉक्टर खिडकीतून बघतायत आणि आज रात्रीच सामान बांधतायत असं वाटत होतं.

बाया शिव्या देऊन थकल्या. मग त्यातलीच एक म्हणाली, "आता आल्याच हाव, तर दावा तरी काय हाय ते!" आणि रिकाम्या घागरी मांडीशी घेऊन सगळ्या हॉलमध्ये बसल्या.

*

दवाखान्याची सिरियल हिंदीत होती, पण आमच्याकडं हिंदीचं कुणाला वावडं? निजामाच्या राज्यात वाढलेली म्हातारी माणसं. इंग्रजी आलं की तेवढं मस्तानचाचा समजावून सांगायचे, आपल्या मनानं. डॉक्टर "इमर्जन्सी" म्हणाला की चाचा म्हणायचे, "बोलतंय, घाई करू नका."

सिरियलीतला डॉक्टर गोरापान आणि बोलायला साखरेसारखा. पेशंटच्या खाटेवर बसायचा, त्याचा हात हातात घ्यायचा आणि आधी विचारायचा, घरी कोण कोण आहे? बास! लोक तिथंच खलास झाले. एवढी वर्षं मी विचार करते, माणसं या सिरियली का बघतात? मशीन बघायला नाही हो. कुणीतरी आपल्यासाठी खाटेवर टेकतं, ते बघायला.

सोमवारी ओपीडीत पहिल्याच म्हातारीनं डॉक्टर सबनीसांना सुनावलं, "तुमी नुसतं लिवताव. त्यो बगा, इच्यारतो!"

डॉक्टर बिचारे लाजले. पुढच्या म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, घरी कोण कोण आहे?"

"दोन बैल हाईत."

"आणि?"

"त्ये बी चाऱ्याच्या छावनीत हाईत."

डॉक्टरांनी हात सोडला नाही, आणि रांग संध्याकाळपर्यंत हलली नाही. गयाबाई माझ्या कानाशी लागली, "शिस्टर, असं रोज झालं तर ह्यो माणूस टिकंल का?"

*

त्याच सिरियलीत ती हिरवी रेघ असायची. वरखाली नाचणारी. रेघ नाचली तर माणूस जिवंत, आडवी झाली तर संपला. गावाला ती फार पटली. डॉक्टर खोटं बोलेल, रेघ बोलणार नाही!

एकदा भरदुपारी दोघा भावांनी आपल्या वडिलांना, दादांना, बाजेवर घालून आणलं. छातीत कळा, अंगाला घाम. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "जीपमध्ये घाला, आत्ताच्या आत्ता सोलापूर." भाऊ हलेनात. सोलापूर म्हणजे माणूस परत येत नाही अशी समजूत. थोरला म्हणाला, "आधी रेघ दावा. रेघ नाचत आसंल तर घरी न्हेताव."

"अहो, ते मशीन आपल्याकडं नाही!"

"हाय की! हॉलमंदी हाय. लावा चालू, दादाची रेघ बगू."

दादांचे ओठ निळे पडत चालले होते आणि हे टीव्ही लावा म्हणून अडून बसलेले. डॉक्टर समजावून समजावून थकले. मग एकदम उठले आणि त्यांनी टीव्ही चालू केला. भरदुपारी कुठला कार्यक्रम! नुसत्या मुंग्या. पडदाभर वळवळ वळवळ आणि खर्रर्र आवाज.

धाकटा किंचाळला, "दादाच्या छातीत मुंग्या हाईत!"

"लई!" डॉक्टर म्हणाले. "न्या!"

मस्तानचाचांनी जीप अशी हाणली की बास. दादा महिन्यानं चालत परत आले. पण गावभर हेच, की मुंग्यांचं औषध सोलापूरलाच मिळतं.

*

आता नळाची गोष्ट. तो गोरा डॉक्टर ऑपरेशनच्या आधी हात धुवायला उभा राहिला. कोपरापर्यंत साबण, आणि नळ पूर्ण सोडलेला! पाणी धो धो वाहतंय, हा चोळतोय, चोळतोय. शिवाय शेजारच्या डॉक्टरणीशी बोलतोय! पेशंट टेबलावर मरतोय, पण आमच्या हॉलमध्ये पेशंटकडं कुणाचं लक्ष होतं?

"आरं, बंद कर की!"

"किती सांडशील, मुडद्या!"

"खाली बकिट तरी लाव!"

आप्पा उठून उभेच राहिले. गयाबाईनं तर पदर खोचला आणि टीव्हीपर्यंत गेली. त्या दिवसापासून गोऱ्या डॉक्टरची गावातली किंमत उतरली ती उतरलीच. "आपला डॉक्टर तांब्याभर पान्यात भागवतो," लोक म्हणायला लागले. "हाताला वळन हाय त्येच्या."

डॉ. सबनीस एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच त्यांना असं हसताना बघितलं. मला केवढं बरं वाटलं! मग ते उठून मागच्या पायरीवर जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले, तर कप हातात घेत म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला सांगायला हवं. मी बदलीचा अर्ज केलाय. त्याचा नळ बघितला ना, आणि वाटलं, मी इथं करतोय काय? ना पाणी, ना मशीन. एखाद्या दिवशी माझ्या हातून माणूस जाईल."

मी मागं वळले, तर दारात गयाबाई. तिनं सगळं ऐकलं होतं. झाडू उचलून हॉल झाडायला लागली. सुलीला तेव्हा आठवा लागला होता.

*

अर्जाचं गयाबाईकडून गावभर झालं आणि आप्पांनी निष्कर्ष काढला की घोळ सगळा सिरियलीचा आहे. दुसऱ्याचं बघून डॉक्टरचं मन उडालं! पुढच्या रविवारी सिरियलीची वेळ झाली आणि आप्पांनी गुपचूप टीव्हीची वायर उपटली. सगळ्या हॉलला आधीच सांगून ठेवलेलं. डॉक्टर आले, तर माणसं अंधाऱ्या टीव्हीसमोर हाताची घडी घालून गप बसलेली.

"काय झालं?"

"लाईट गेली," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी वर बघितलं. "मग पंखा कसा फिरतोय?"

सगळा हॉल आप्पांकडं बघायला लागला. आप्पांनीही वर बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "मगाची लाईट उरलीय त्येच्यात. हुईल हळूहळू बंद."

*

वैशाख लागला आणि रविवारीच सुलीच्या कळा सुरू झाल्या. हॉलमध्ये गर्दी जमलेली. आप्पांनी पुन्हा टीव्ही सुरू केला होता, कारण बंद करूनही अर्ज काही मागं घेतला गेला नव्हता. हॉल आणि बाळंतिणीची खोली यांच्यामध्ये एक भिंत. आत सुली, मी आणि डॉक्टर. गयाबाईला डॉक्टरांनी बाहेर बसवलं होतं. ती सारखी सुलीलाच कवटाळत होती, आम्हाला काही करू देईना.

त्या सिरियलीची एक रीत होती, ती पोरासोरांनाही पाठ झालेली. ऑपरेशनच्या खोलीचा दिवा विझायचा, डॉक्टर बाहेर यायचा, नातेवाईक पुढं धावायचे. तो काही न बोलता चष्मा काढायचा. चष्मा काढला की संपलं! मग तो "सॉरी" म्हणो न म्हणो.

यंदाही बाळ आडवंच होतं. डॉक्टरांनी ते कसं फिरवलं ते त्यांना माहीत आणि देवाला माहीत. त्यांचं अंग घामानं निथळत होतं, आणि मी मनात म्हणत होते, आता नको, हिच्या वाट्याला पुन्हा नको. पोर बाहेर आली ती निळी, गप. पाठ चोळली, तळवे चोळले. मग मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. एवढासा. श्वास सुरू झाला. डॉक्टर भिंतीला टेकले. "मी सांगून येतो त्यांना," म्हणाले आणि बाहेर गेले.

आत भट्टी झालेली. त्यांच्या चष्म्याच्या काचा घामानं धूसर, समोरचं काही दिसेना. गयाबाई उठून उभी राहिली. डॉक्टरांनी पुसायला म्हणून चष्मा काढला.

आख्ख्या हॉलनं हंबरडा फोडला! गयाबाई मटकन खाली बसली आणि ऊर बडवायला लागली.

डॉक्टरांना काय कळणार! आत्ताच तर कसाबसा श्वास लागलेलं पोर ते आत सोडून आले होते. त्यांना वाटलं, मागं काहीतरी झालं. तसेच उलटे धावत आत. "सिस्टर! गेली का?"

"कोण गेलं?" मी ओरडले. बाहेर आकांत ऐकून माझीच छाती फुटायची वेळ आली होती.

सुली बाजेवरून क्षीण आवाजात विचारतेय, "आये, का रडलालीस गं?"

आणि एवढ्या कालव्यानं ती पोर जी दचकली! असा टाहो फोडला तिनं, की हॉल एकदम चिडीचूप झाला. कुणीतरी टीव्ही बंद केला. मी पोरीला टॉवेलात गुंडाळून बाहेर आणलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पाठोपाठ डॉक्टर आले, चष्मा अजून हातातच.

गयाबाई उठली. मला वाटलं, नातीला घेईल. पण ती आधी डॉक्टरांपुढं गेली. त्यांच्या हातातला चष्मा घेतला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या आणि आपल्या हातानं त्यांच्या नाकावर बसवला. जरा वाकडाच बसला.

"सायेब, आता ह्यो काढायचा न्हाय. हिचं लगीन हुईस्तोवर न्हाय."

डॉक्टर हसले. "बरं, मावशी. पण झोपताना तरी काढू ना?"

"झोपताना काढा की," गयाबाई म्हणाली. "पर झोपायचं हितंच."