गळ्याची शपथ

रविवारी दुपारी शैलजा खोत आडवी होते ती झोपायला नव्हे, नुसती पाठ टेकायला. खानावळीच्या साठ भाकऱ्या सकाळीच थापून गेल्यात. नवरा सुधाकर मागाच्या सुट्या भागांच्या दुकानात आहे. रविवारी ते चारपर्यंतच उघडं असतं. शेजारच्या कारखान्यात माग खडखडतायत. इचलकरंजीत हा आवाज घरच्यांना ऐकूच येत नाही, पाहुण्यांची झोप मात्र उडवतो.

आज घरचीलाही झोप नाही. कारण तिची सतरा वर्षांची लेक स्वराली सकाळी तिच्याशी धडधडीत खोटं बोललीय. "मनालीकडं चाललेय, अभ्यासाला," म्हणून गेली, आणि पाठोपाठ भाजीच्या गाडीवर मनालीची शेजारीण सांगते, ती सगळी मंडळी पहाटेच जोतिबाला गेलीत. पोरगी आजवर आईशी असं कधी बोललेली नाही. तिला खोटं कुणी शिकवलं, हे शैलजाला पक्कं ठाऊक आहे. तिनं स्वतःच.

शुक्रवारी कॉलेजच्या पोरापोरींची कुणाच्या तरी शेतातल्या घरी पार्टी होती. वाढदिवस म्हणून सांगितलं होतं आणि वाढदिवसच होता, पण केकच्या जोडीला बियर होती आणि कुणीतरी गांजाही आणला होता. काल सकाळी भाकऱ्या चालू असताना स्वराली ओट्यापाशी आली आणि कुणी न विचारता सगळं सांगून मोकळी झाली. अर्धा ग्लास बियर, दोन झुरके, मग उलटी. "मला भीती वाटली मम्मी. संध्याकाळी पप्पांना पण सांगते."

आता अशी पोर नशिबानं मिळते. तिला जवळ घ्यावं, नाहीतर चार शिव्या तरी घालाव्यात. शैलजानं काय करावं? पिठाचा हात तसाच वर धरून ती म्हणाली, "पप्पांना एक अक्षर सांगायचं नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ." तव्यावरची भाकरी करपली आणि पोरीचं तोंड मिटलं ते मिटलंच.

मागांचा आवाज हळूहळू लांब जातो. पापण्या जड होतात. खाट किंचित हलते आणि पायथ्याशी कुणीतरी बसतं.

"आक्का, सरक की जरा."

धनू आहे. तिचा धाकटा भाऊ धनंजय. चोवीस वर्षांपूर्वी पुण्याच्या हॉस्टेलात वारला, तेव्हा वीस वर्षांचा होता. अजून वीसचाच आहे, आणि शैलजा सेहेचाळीस. तिला नवल वाटत नाही. उलट इतका उशीर लावला म्हणून त्याचा रागच येतो.

"जेवलास काय?" ती विचारते. मेलेल्या माणसालाही ती आधी हेच विचारणार.

"तुझ्या भाकऱ्या सगळ्या खानावळीला. आम्हाला कोण देतंय?" तो मांडीवर उकडलेल्या शेंगा घेऊन सोलत बसलाय, टरफलं खुशाल चादरीवर टाकतोय. "स्वराली कुठं गेली?"

"अभ्यासाला."

"बघ. आता तू पण."

धनू टरफलं झटकून उठतो आणि स्वयंपाकघराचं दार ढकलतो. आत तिचाच ओटा आहे, तिचाच तवा, पण ओटा संपतच नाही. तो पुढंपुढं जात राहतो आणि त्याच्या कडेनं हॉस्टेलच्या खोल्यांची दारं लागतात. प्रत्येक दारापुढं एक रिकामी बादली. शैलजा इथं एकदाच आली होती, त्याचं सामान न्यायला. गादीखाली खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या होत्या. गावात सांगितलं, काविळीनं गेला. स्वरालीलाही मामाची कावीळच माहीत आहे.

त्या बाटल्यांचं शैलजाला आधीपासून ठाऊक होतं. दिवाळीत घरी आला तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं होतं. आधी नशेसाठी त्या बाटल्या, मग गोळ्या, आणि आता थांबता येत नाही. वर म्हणाला होता, "अण्णांना सांगायचं नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ." शपथ मोडली तर तो मरेल, म्हणून तिनं सांगितलं नाही. मार्चमध्ये तो गेला.

ओट्याच्या टोकाला अण्णा बसलेत, त्यांचे वडील. पाठमोरे, हातात पेपर. शैलजा पदर सावरते, आवाज खाली घेते.

"हळू बोल. ऐकतील."

"ऐकू दे की! तेव्हा ऐकवलं असतं तर बरं झालं असतं." धनू सहज बोलतो, तक्रार नसल्यासारखा.

"मी सांगायला पाहिजे होतं." हे वाक्य चोवीस वर्षं तिच्या घशात होतं. आता बाहेर पडतं तर तिला रडू फुटतं. "धनू, मी तुला मारलं रे."

"येडी हाईस काय? बावीस वर्षांची पोर तू. मी बुडत होतो आणि जिला पोहता येत नाही तिलाच हाक मारली. वर तिचं तोंडही बांधलं. चूक माझी."

"मग पोरांनी सगळंच सांगावं काय घरी?"

"सगळं कशाला? पहिली बिडी कुणाच्या गोठ्यामागं ओढली, कुणाच्या सायकलीमागं फिरलो, ते मी मेलो तरी सांगितलं नाही." तो हसतो, मग हसू थांबतं. "पण ज्याची आपल्यालाच भीती वाटते, ते ठेवू नये पोटात. तुझी पोरगी तेच सांगायला आली होती."

"सुधाकरना कळलं तर बोलणं टाकतील तिच्याशी. महिना महिना."

"टाकलंय कधी?"

शैलजा आठवून बघते. सुधाकर चिडतो, दुकानातल्या पोरांवर ओरडतो, जेवताना ताटावरून उठलाय एकदोनदा. पण अबोला? अबोला धरायचे ते अण्णा. पेपरातून मान वर न काढता महिना काढायचे. अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली आणि ती अजून त्यांच्यापासून पोरीला लपवतेय. तिला स्वतःचीच लाज वाटते.

ती मान वर करते तर अण्णांच्या खुर्चीच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग आहे, बाजूला उसाचं रान आणि खांबावर लुकलुकणारी दिव्यांची माळ. शेवटच्या खुर्चीत स्वराली बसलीय. एक मुलगी तिच्याकडं ग्लास सरकवते आणि विचारते, "घरी सांगशील?"

"नाही," स्वराली म्हणते. "मम्मीनंच सांगितलंय, सांगू नको म्हणून." आणि ग्लास घेते.

शैलजा हाक मारते. ओठ हलतात, आवाज निघत नाही. ती धावते, तर पायाखाली पुन्हा तिचाच ओटा, पिठानं निसरडा.

"हाक कशी निघंल?" धनू तिच्यासमोर येऊन उभा राहतो. "शपथ अडकलीय तिथं. माझी. थांब, सोडवतो."

लहानपणी ती दोघं शपथ अशीच सोडवायची. ज्यानं घातली त्यानंच दुसऱ्याच्या गळ्याचं कातडं चिमटीत धरायचं, ओढायचं आणि 'सुटली' म्हणायचं. धनू हात पुढं करतो. बोटं गार आहेत. चिमटा असा काढतो की तिच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं.

"सुटली," तो म्हणतो.

"धनू, थांब!"

हे ती मोठ्यानं म्हणते, आणि त्याच आवाजानं जागी होते.

चादरीवर टरफल नाही. साडेतीन वाजलेत. गळा मात्र चुरचुरतोय. ती आरशासमोर जाते. गळ्यावर नखांच्या दोन लालभडक खुणा आहेत, चंद्रकोरीसारख्या, एकीतून रक्ताचा ठिपका आलाय. शैलजा आपली बोटं बघते. पिठात हात घालायचे म्हणून तिची नखं कायम मुळापर्यंत कापलेली असतात.

दार वाजतं. स्वराली आत येते, बूट काढायला वाकते.

"झाला अभ्यास?" असं विचारायची शैलजाला सवय आहे. ती ते गिळते.

"स्वरा, मामा काविळीनं गेला नाही."

पोरगी वाकलेलीच राहते. शैलजा तिथंच, दारात उभ्या उभ्या सांगते. बाटल्या, गोळ्या, दिवाळी, शपथ. सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि ह्याला चोवीस वर्षं घालवली!

स्वराली बुटाची नाडी सोडून सरळ उभी राहते. म्हणते, "मी मनालीकडं नव्हते."

"माहीत आहे."

"पप्पांच्या दुकानापाशी होते. दोनदा पायरीपर्यंत गेले. आत गेले नाही." तिचा आवाज चिरकतो. "तुझ्या गळ्याची शपथ होती ना. तुला काही झालं असतं तर?"

शैलजा लेकीजवळ जाते, तिच्या गळ्याचं कातडं अगदी हळू चिमटीत धरते आणि म्हणते, "सुटली."

"म्हणजे?" स्वराली डोळे पुसते, आणि तिची नजर आईच्या गळ्यावर जाते. "हे काय लागलं तुला?"

"चालता चालता सांगते. बूट काढू नकोस," शैलजा पायात चपला सरकवत म्हणते. "दुकान चारला बंद होतं."