आश्रुबाचा धीर

कासारणीचं आणि टांगेवाल्याचं भांडण पिंगळीच्या टेशनावर सगळ्यांनी पाहिलं, पण नीट ऐकलं ते एकट्या कडूबाईनं. ती टेशनामागच्या आपल्या घरात, कुडाच्या आड बसून शेण कालवीत होती. हात शेणात असले की कान मोकळे राहतात, आणि कुडाला भोकं काय कमी होती?

भांडत होती धुरपताबाई कासारीण. सकाळच्या गाडीनं परभणीहून उतरायची, बांगड्यांची टोपली टांग्यात ठेवायची आणि गावोगावचे बाजार करायची. टांगा आश्रुबाचा, म्हणजे कडूबाईच्याच मालकाचा. निजामाचं राज्य जाऊन दोनचार वर्षं झाली होती. कुठल्याशा लिलावात मोडक्या मोटारी निघाल्या, तिथून आश्रुबानं मोटारीच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, उचलून आणल्या आणि हौसेनं टांग्याखाली बसवल्या. म्हणाला, आता पाशिंजराला पाळण्यात बसल्यागत वाटंल. वाटलंही. पण हा पाळणा थांबेच ना. एका खड्ड्यात आपटला की पुढचा खड्डा येईस्तोवर वरखाली, वरखाली. टोपलीतल्या काचेच्या बांगड्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कासारणीनं तर कितीही संताप आला तरी तो अभद्र शब्द तोंडातून काढायचा नाही. म्हणून धुरपताबाई कंबरेवर हात ठेवून म्हणत होती, की आज तुझ्या टांग्यात माझ्या निम्म्या बांगड्या वाढल्या. आणि आश्रुबा, घोडीच्या तोंडाला तोबरा बांधता बांधता, अर्धं लक्ष देऊन म्हणाला, "वाढल्या तर बरंच की, मावशी. इकायला जास्तीच्या झाल्या."

मग काय विचारता. कुडाआड कडूबाईनं शेणाचा हात तोंडावर नेता नेता आवरला.

"आधी तुझा टांगा लाथा मारायचा," धुरपताबाई म्हणाली, "आता नाचायलाय. लाथा परवडल्या."

"कमानीला धीर न्हाई, मावशी. एकदा उसळली की उसळतीच. त्याला मी काय करू?"

"घोडीला चारा देतूस ना? मग कमानीला धीर दे."

रागानं बोलून ती निघून गेली. पण आश्रुबाच्या पायात काटा रुतावा तसा तो शब्द त्याच्या डोक्यात रुतला. जेवायला बसला तरी धीर, बिजलीला खरारा करतानाही धीर. बिजली म्हणजे त्याची घोडी. नाव बिजली, चाल बैलाची; ते एक असो.

मुंजाजी चांभाराच्या दारात एक जुनी मोट पडली होती. वर्षानुवर्षं विहिरीत बुडून आणि उन्हात वाळून तिचं कातडं असं झालं होतं की ना मऊ, ना कडक. आश्रुबानं तिच्या गोल चकत्या कापून घेतल्या. लोहाराकडून अडकित्त्यासारख्या दोन लोखंडी पट्ट्या करवल्या. एका पट्टीचं टोक टांग्याच्या साट्याला, म्हणजे बैठकीखालच्या चौकटीला, दुसरीचं खाली आसाला. दोन्ही जिथं एकमेकींवर येतात तिथं मध्ये कातडी चकत्या, आणि वरून नट आवळलेला. कमान उसळली की अडकित्ता उघडायला जाणार, आणि चकत्या घासून त्याला म्हणणार, सबुरीनं बाबा, सबुरीनं. एवढंच ते यंत्र; त्याचंच नाव पडलं धीर. चकत्या मुरवायला त्यानं कडूबाईचं एरंडेल घेतलं, तेही न विचारता. लेकरांचं पोट साफ करायला ठेवलेली बाटली टांग्यानं पिऊन टाकली.

पहिल्या दिवशी नट फार आवळला गेला, टांगा परत लाथा मारायला लागला. दुसऱ्या दिवशी सैल राहिला, परत नाच. मग अर्धा अर्धा फेरा करत बेतावर आला. कडूबाई म्हणाली, "आत्याबाईचंबी असंच होतं. आवळलं तर लाथा, सोडलं तर नाच." आत्याबाई म्हणजे तिची सासू. बिचारी तेव्हा हयात नव्हती म्हणून बरं.

दिवसभर दाबून राहिलेलं कातडं संध्याकाळी मोकळं करायला लागायचं. टांगा सोडला की आश्रुबा नट अर्धा फेरा सैल करायचा, एरंडेलाचे दोन थेंब सोडायचा आणि मगच हातपाय धुवायचा. सकाळी जुंपताना परत आवळायचा. हा नेम त्यानं देवाच्या दिव्यासारखा पाळला. देवाचा दिवा एखादे दिवशी चुकला असेल, हा नाही.

पुढच्या बाजाराला धुरपताबाईनं टोपलीवरचं फडकं काढलं, बोटांनी सगळ्या माळा चाचपल्या आणि म्हणाली, "एकबी वाढली न्हाई." तिच्या तोंडून निघालेलं कौतुक तेवढंच. त्याहून जास्त कुणाला मिळालेलं कडूबाईला तरी माहीत नाही.

मग काय, ज्याला त्याला धीर पाहिजे. पेडगावचे टांगेवाले आले, एका सावकाराचा छकडा आला, डॉक्टरची घोडागाडी आली. आश्रुबा कुणाला नाही म्हणायचा नाही. कुणी कडब्याच्या पेंढ्या टाकून जायचं, कुणी नुसतं रामराम करून. टेशनावर रोजची थट्टा सुरू झाली. वळणावर कुणाचा नट पडला की मागचे ओरडायचे, अरे त्याचा धीर सुटला. लग्नाच्या याद्या करताना पोरीकडची माणसं बजावून सांगायची, टांगे धीराचे आणा.

असं चारपाच वर्षं सुखात चाललं, आणि मग परभणीच्या चंद्रभानला वास लागला. चंद्रभानचं धान्याच्या मोंढ्याजवळ गाड्यांच्या सामानाचं दुकान. त्यानं एक धीर विकत नेला, उघडला, तसेच दहावीस करून दुकानात टांगले. तिथवर कुणाची काही हरकत नव्हती. पण एके दिवशी टेशनावर उतरून त्यानं चारचौघांत सांगितलं, की कलकत्त्याला सरकारची कचेरी हाय, नव्या यंत्राची मालकी लिहून देती, माझी दरखास्त गेलीय. एकदा कागद हाती आला की ज्याच्या गाडीखाली ही चीज दिसंल त्यानं माझी परवानगी काढायची, न्हाईतर काढून ठेवायची.

आश्रुबा त्या दिवशी जेवला नाही. मालकीचं त्याला तसं काही नव्हतं. पण आपल्याच टांग्याखालून आपलाच धीर सोडून द्यायचा, आणि धुरपताबाईच्या टोपलीखाली परत नाच सुरू व्हायचा, हे त्याच्या घशाखाली उतरेना. कडूबाईनं भाकरी झाकून ठेवली आणि सकाळी म्हणाली, तुमीबी दरखास्त द्या. कलकत्त्याला काय त्याचा मामा बसलाय?

परभणीला किशनराव वकील होते. उर्दूत शिकलेले, भला माणूस. पेटंट म्हणजे काय ते मला माहीत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. हैदराबादहून कायद्याचं पुस्तक मागवलं आणि बरंचसं वाचलंही. आश्रुबानं त्यांच्या ओसरीच्या फरशीवर कोळशानं चित्र काढलं, ते पाहून त्यांनी कागदावर उतरवलं. सगळं इंग्रजीत लिहिलं, पण एका शब्दाला अडले. धीराला इंग्रजीत काय म्हणायचं? पुष्कळ शब्द लिहून खोडले. शेवटी धीर तसाच राहू दिला, नुसती अक्षरं इंग्रजी.

कलकत्त्याला अशा दरखास्ती पारखायला एक तपासनीस साहेब असतो. त्याचं उत्तर काही महिन्यांनी आलं. मोठं सभ्य उत्तर होतं म्हणे. परदेशी मोटारींना दोन पट्ट्यांत कातडं दाबून झटके आवरायची रीत पूर्वीची आहे. मग तुमच्या ह्या धीरात नवं काय, ते दाखवा. आणि मालकीचा हक्क तुमचाच कसा, तेही सांगा.

पहिल्याचं उत्तर वकिलांनी झकास दिलं. मोटेचं मुरलेलं कातडं, एरंडेल, रोजचा अर्धा फेरा, सगळं लिहिलं. घोटाळा झाला दुसऱ्यात. त्या दिवसांत वकिलांची सारी कमाई आणि सारी अक्कल कुळांच्या खटल्यांत गुंतली होती. जमीन कोण कसतो, किती वर्षं कसतो, कुणी पाहिलं, हीच विचारणा. ज्याची वहिवाट जुनी त्याचा हक्क पक्का. असे खटले त्यांनी ढिगानं जिंकले होते. ते मांडी थोपटून म्हणाले, "आश्रुबा, हक्क विचारतायत ना? आपण वहिवाट दाखवू. चार वर्षांची वहिवाट म्हटल्यावर चंद्रभान उभा राहील का?"

आश्रुबाला पटलं. कडूबाईला पटलं. पिंगळीला कुणाला पटलं नाही असं झालंच नाही. पहिला अंगठा कडूबाईनंच उठवला. पेडगावच्या टांगेवाल्यांनी उठवले, डॉक्टरनं सही केली. धुरपताबाईनं तर कमाल केली. बांगड्या भरायला बायकांचा हात तिच्या हातात असायचाच. चुडा भरून झाला की तोच हात शाईत बुडवून कागदावर. आमी आश्रुबाचा धीर लावलेल्या टांग्यातून चार वर्षं राजरोस फिरतो, गावोगाव वापर हाय, सगळी दुनिया जाणती, अशी गवाही. कागदांचा गठ्ठा असा झाला की टपालवाल्यानं दोन हातांनी उचलला.

उत्तर आलं तेव्हा वकिलांनी निरोप धाडला. आश्रुबा आणि कडूबाई दोघंही गाडीनं परभणीला गेले. कडूबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. फैसल्याला जायचं तर असं कसं जायचं? वकील कागद वाचत होते. वाचून झालं, टोपी काढून बाजूला ठेवली आणि हसत सुटले. हे दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"जमीन असती तर आज आपण जिंकलो होतो," वकील म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मालकी मिळते ती नव्या चीजेला, आधी कुणी उघड वापरली नाही अशीला. साहेबाला कातड्याची आणि एरंडेलाची गोष्ट पसंतसुद्धा पडली होती. पण तुम्हीच अंगठ्यावर अंगठे उठवून शाबीत केलं की ही चीज चार वर्षं चावडीवर हिंडतेय. तेव्हा नवी कशी? दरखास्त नामंजूर. चूक माझी, म्हणाले, मी नव्या सुनेला जुन्या लग्नाचे साक्षीदार आणले.

 कडूबाईनं पदर सावरून विचारलं, "मंग आता धीर काढून ठेवायचा का, वकीलसाहेब?"

"कशाला? चंद्रभानची दरखास्त त्याच साहेबाच्या मेजावर होती. तुमच्याच अंगठ्यांनी तीही नामंजूर झाली. आता ही गावविहीर झाली, बाई. पाणी कुणीही भरावं. विहीर माझी, असं मात्र कुणी म्हणायचं नाही. चंद्रभाननंही नाही."

गाडीत आश्रुबा खिडकीबाहेर बघत बसला होता. कडूबाईला वाटलं, लागलं ह्यांच्या जिवाला. पिंगळीचा सिग्नल दिसायला लागला तसं तो हळूच म्हणाला, "साहेबानं कागदात त्याला काय म्हणून लिवलं, ते इचारलं का तू?"

"इचारलं. धीरच लिवलंय म्हणाले. सगळ्या कागदभर."

"मंग झालं तर," आश्रुबा म्हणाला, आणि घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

चंद्रभान दुकानात धीर विकतच राहिला. पण गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, आश्रुबाचा धीर द्या. तो म्हणायचा, हा चंद्रभानचा आहे. गिऱ्हाईक म्हणायचं, मग ऱ्हाऊ द्या. शेवटी त्यानंही मुकाट्यानं आश्रुबाचा म्हणून विकायला घेतला.

पुढं यष्टी आली. टांग्याचे पाशिंजर तिकडं वळले. धुरपताबाईचे गुडघे धरले होते, तीही यष्टीनं जायला लागली. पण टोपली यष्टीत चढवायची नाही. स्वतः यष्टीनं, टोपली टांग्यानं. कंडक्टर चिडवायचा, मावशी, तुमच्या हाडांपेक्षा काचंची काळजी? ती म्हणायची, हाडं वाढली तर कोण इचारतंय.

आश्रुबा गेला तो साठ सालच्या उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं. त्याच्या आधीची शेवटची खेप एका लग्नघरची होती. नवरीचा हिरवा चुडा आणि साऱ्या वऱ्हाडणींच्या बांगड्या, टोपली काठोकाठ. बिजली म्हातारी झाली होती, तिची चाल आता खरोखरच नावापुरती. मांडवाच्या दारी धुरपताबाई आधीच येऊन बसली होती. तिनं फडकं काढलं, माळा चाचपल्या, म्हणाली, "एकबी वाढली न्हाई." आश्रुबानं मान हलवली, पाणी प्यायला, लग्नघरचा लाडू कडूबाईसाठी फडक्यात बांधून घेतला आणि दिवस मावळायच्या आत घरी आला. टांगा सोडला, बिजलीला पाणी दाखवलं. मग साट्याखाली वाकून नट अर्धा फेरा सैल केला, एरंडेलाचे दोन थेंब सोडले, आणि बाटली कडूबाईच्या हातात देऊन हातपाय धुवायला गेला.