बारा व्होल्टचे नऊ

सोल्डरिंगचा वास आला की मला कामोठ्यातली ती सकाळ आठवते. सोसायटीची वीज बंद होती, घरात मोबाइलला रेंज नव्हती आणि मुलीची ऑनलाइन मुलाखत होती. बॅटरी बारा व्होल्टची, वायफायच्या राउटरला हवे नऊ, म्हणून व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट मी आणून त्याला तारा सोल्डर केल्या होत्या. त्याचा पितळी स्क्रू अर्धा फेरा फिरवला तरी मीटरवर बाराच दिसायचे. मग मी तो पुन्हा जागेवर आणून उलट्या बाजूला फिरवून बघायचो. घामाने स्क्रूड्रायव्हर निसटत होता. "अहो, फिरवलेलं परत मागे कशाला नेता?" बायको वैतागली. "फरक पडला नाही, तर मूळ जागी आणायलाच हवं." "फाइल परत पाठवायला हे काय तुमचं ऑफिस आहे? द्या इकडे!" तिने एकाच बाजूला भराभर फेरे दिले आणि आकडा घसरू लागला. सुरुवातीचे बरेच फेरे रिकामेच जातात, हे तेव्हा कळलं. नऊवर थांबून राउटर जोडला, त्याचे दिवे लागले. मुलीला हाक मारली, तर ती घरात नव्हती. खालच्या जिन्यातून तिचा आवाज आला, "सर, आता तरी ऐकू येतंय का?" ती नोकरी तिला मिळाली नाही. आता ती दुसरीकडे रमली आहे. "बाबा, वायफाय असतं तरी त्यांनी मला घेतलं नसतं," असं म्हणते. ते खरं, की माझ्यासाठी म्हणते, हे मला अजून कळलेलं नाही.