सूर्याक उचकी लागली

भिंतीपलीकडे रोज सकाळी दहाला रेडिओची खरखर सुरू व्हायची आणि दुपारपर्यंत चालायची. माझा नवरा सतीश जाऊन पाच महिने झाले होते. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. घरून ऑफिसचं काम करताना त्या खरखरीचा मात्र राग यायचा. भांडुपच्या त्या इमारतीत दोन वर्षं राहूनही शेजारच्यांशी ओळख नव्हती. एका सकाळी जाऊन दार वाजवलं.

परबकाकांनी दार उघडलं. ऐंशीच्या आसपासचे, बनियन-लुंगी, डोळ्यांवर काळा चष्मा. मी बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "गप ऱ्हव. आवाज गेलो."

आत कुठल्याशा परक्या भाषेतला निवेदक बोलता बोलता बुडाल्यासारखा नाहीसा झाला होता.

"सूर्याक उचकी लागली," काका म्हणाले. "मोबाईल आसा तुझ्याकडे?"

काकांनी तीस वर्षं मालवाहू बोटींवर वायरलेस सांभाळला होता. सूर्यावर मोठा स्फोट झाला की दिवस असलेल्या अर्ध्या जगात शॉर्टवेव्ह काही वेळ मुकी होते, हे त्यांनीच मला सांगितलं. "बोटीर असा झाला की कप्तान माका गाळी घाली, नि मी सूर्याक." पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. सूर्याचे ताजे फोटो आता कुणालाही फोनवर बघता येतात, ही बातमी त्यांच्यापर्यंत आली ती त्यानंतर.

त्यांनी सांगितलेली साइट मी फोनवर उघडली. स्फोटाचा फोटो यायला अर्धा तास लागला. तोवर त्यांनी अंदाजाने चहा केला, न सांडता.

"खूप सुंदर आहे, काका," मी म्हटलं. शेजारधर्म म्हणून.

"सुंदर नको. काय दिसता ता सांग."

मग मी नीट बघितलं. "उजव्या कडेला कमान आहे. लाल. एक पाय तुटलाय. वरचा भाग बाहेर फेकला गेलाय, धाग्यांसारखा."

"लाल रंग फोटोवाल्यांनी मागसून भरलोलो. कमान केवढी?"

"माझ्या करंगळीच्या नखाएवढी."

"तेच्यात आपली पृथ्वी कितीतरी वेळा बसात," काका म्हणाले आणि मांडीवर स्वतःचं नख चाचपत राहिले.

त्यानंतर खरखर मधेच थांबली की मी आपणहून जायचे. कधी आठवड्यातून दोनदा, कधी महिना महिना काहीच नाही. त्यांचा मुलगा वांद्र्याला राहायचा; तोही फोटो सांगायचा, पण "बाबा, झकास!" एवढंच. "तुझा बरा," काका मला म्हणायचे. "तू मीठमसालो घालणस नाय." मी घालणार कुठून? माझ्यात तो उरलाच नव्हता. सतीशच्या नातेवाइकांना माझं हेच खुपायचं. ही रडली नाही, असं ते आपसात बोलत.

एका दुपारी फोटोची वाट बघताना काकांनी सरळ विचारलं, "तुझो घोव कसो गेलो गो?"

"हार्ट अटॅक."

"ता डॉक्टरान सांगला. तुका काय दिसला?"

मी सांगितलं. पलंगाच्या कडेला बसून तो मोजे घालत होता. एक घातला आणि पुढे वाकला तो वाकलेलाच राहिला. मला वाटलं, दुसरा शोधतोय. मी ओट्यापाशी डबा भरत होते, दोनदा हाक मारली. मग जवळ गेले.

"खयच्या पायात मोजो?"

"डाव्या."

"रंग?"

"राखाडी. टाचेला विरलेला."

काकांनी धीर दिला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. फोटो आला, तोही मी सांगितला. घरी आले तर कडकडून भूक लागली होती. कुकरमधला भात तसाच, मीठ लावून खाल्ला. रडू त्या दिवशीही आलं नाही.

पावसाळा संपता संपता काका गेले. न्यूमोनिया झाला, चार दिवस हॉस्पिटलात होते. मुलाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते.

सतीशला नेलं तेव्हा मी घरीच थांबले होते. बायका जात नाहीत, असं कुणीतरी म्हणालं आणि मी मान हलवली होती. काकांच्या वेळी मी कुणाला विचारलं नाही. रिक्षा केली आणि ऑफिसातून थेट स्मशानात गेले. माणसं दहा-बाराच होती. मुलाने चितेला अग्नी दिला. थोड्या वेळाने एकेक जण चपला घालून निघाला.

मुलगा जवळ आला. "चला ताई, घरी सोडतो तुम्हाला."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "मला बघायचंय."