मुलीचा आधार : मी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी शिरवळच्या आमच्या शाळेत नववीचे पेपर तपासत बसले होते. "वन्सं, हे गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, कुठं गेला? माझा मामेभाऊ सर्जेराव, म्हणजे आमचा सर्जा, तीनचाकी सायकल घेऊन सांगलीभर कुठंही जायचा, म्हणून तो प्रश्न सहज तोंडातून गेला. पलीकडून रडणं ऐकू आलं, तेव्हा समजलं. हृदय बंद पडलं म्हणाले, बाजारात कामावर बसल्या जागी. सांगलीला पोचेपर्यंत एसटीत मी रडले नाही, चिडत होते... हा माणूस माझ्याशी अबोला धरून गेला म्हणून. महिना उलटला आता. तो अबोला त्यानं धरला होता की मी, हे मला अजून ठरवता येत नाही.

लहानपणी पोलिओनं त्याचे दोन्ही पाय गेले. हातांत मात्र असलं बळ, की तो पंजा लढवायला बसला की सुट्टीवर आलेले फौजीही काढता पाय घ्यायचे. सांगलीच्या हळदीच्या बाजारात तो पोत्यांची तोंडं शिवायचा. जवळ सुतळीचा गुंडा, हातात भलंमोठं दाभण. अंगावरची हळद आंघोळीनंही जायची नाही. लग्नात तुला वेगळी हळद लावायचा खर्च वाचला, असं आम्ही बहिणींनी त्याला चिडवलं होतं. पोतं शिवून झालं की दोन्ही कोपऱ्यांना सुतळीचे वेढे देऊन तो कान काढायचा. घाईच्या दिवसांत बाकीचे शिवणारे कान गाळायचे, हा कधीच नाही. का रे एवढा वेळ घालवतोस, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "उचलणाऱ्याला धरायला कायतरी पायजे का न्हाई?"

त्याला सरकारकडून दरमहा अनुदान यायचं. आमच्याकडं त्याला सगळे 'निराधारचा पगार' म्हणतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला जाताना तो दारातूनच ओरडायचा, निराधार सर्जेराव निघालं गं! हसायचा. आम्हीही हसायचो. त्या शब्दाचं त्याला काही वाटत असेल, हे माझ्या, मराठी शिकवणाऱ्या बाईच्या, कधी डोक्यात आलं नाही. मग गेल्या वर्षी शाळेत मला कळलं, की दिव्यांग आईवडिलांच्या मुलांसाठीही शिक्षणाला, संगोपनाला मदत मिळते. त्याची एकुलती एक प्रांजल हुशार, तिला नर्स व्हायचंय. पण दहावी झाली की बास, असं वहिनी बोलू लागल्या होत्या. त्या मदतीवर पोरीचं पुढचं शिक्षण अडलेलं होतं. मी फॉर्म मिळवून पाठवला. मी फोनवर एकेक रकाना वाचायचा आणि त्यानं भरायचा, असं ठरलं. अपंगत्व किती टक्के, काम करू शकता का, घर स्वतःचं आहे का... तासभर चाललं. त्याचं अक्षर सुरेख होतं. घरात स्टेपलर कुठला असायला? त्यानं सगळे कागद दाभणानं सुतळीत शिवले आणि कोपऱ्याला कान काढून कार्यालयाच्या खिडकीवर नेऊन दिले.

पंधरा दिवसांनी त्याला बोलावून फॉर्म परत दिला. 'मुलीचा आधार' या रकान्यात बारा आकडी नंबर हवा होता. सर्जानं तिथं लिहिलं होतं, 'मी'. खिडकीतल्या माणसानं ते मोठ्यानं वाचलं म्हणे, आणि म्हणाला, "निराधारच आधार व्हय?" रांग हसली. हे सगळं सर्जानं मला फोनवर सांगितलं आणि... मीही हसले. खरंच हसले. वर माझ्यातली शाळेची बाई आडवी आली. आधार म्हणजे कार्डावरचा नंबर, एवढं कळत नाही का तुला? तुझ्यापायी पोरीचं वर्ष वाया जाईल, असं बोलून गेले. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नंबर काय मला ठावं न्हाई व्हय, वंदे?" आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यानं केला नाही, मीही केला नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन दुसरा फॉर्म भरून देऊ, असं मनाशी घोकत राहिले. दिवाळी आली, गेली. मी गेले नाही.

आता डोक्यात नुसता गुंता आहे. त्याला नंबर ठाऊक होताच. बाजारातल्या अर्ध्या हमालांचे फॉर्म तोच भरून द्यायचा. मग मुद्दाम लिहिलं म्हणावं, तर पोरीच्या शिक्षणासाठी जीव टाकणारा माणूस तिचाच अर्ज कशाला बिघडवेल? थट्टा केली? की तासभर मी विचारत गेले आणि त्याला आपल्याजवळ काय काय नाही तेच लिहावं लागलं, म्हणून एका जागी काय आहे ते लिहून टाकलं? कधी वाटतं, चूक माझीच असेल. घाईघाईत मी 'मुलीचा आधार कोण' असं तर वाचलं नसेल? आठवून आठवून दमले. तो असता तर एका फोनचं काम होतं.

गेल्या आठवड्यात सांगलीला गेले. कार्यालयात समजलं, जुना अर्ज आता बाद. वडील गेल्यामुळं प्रांजल दुसऱ्या गटात मोडते, नवा फॉर्म लागेल. काल त्याच्या अपंगत्वाचा दाखला मागत होते, आज मृत्यूचा. मला हे नीट कळलं नाही, पण वहिनींनी नवा फॉर्म मागून घेतला. घरी येऊन मी वाचत गेले आणि प्रांजल लिहीत गेली. 'मुलीचा आधार' एवढंच मी छापल्याप्रमाणे, सावकाश वाचलं. तिनं बारा आकडे बारा चौकटींत नीट भरले. कागद जोडायला काही सापडेना, तेव्हा तिनं कॅलेंडरला खोचलेलं बापाचं दाभण काढलं. शिवताना जुना फॉर्मही खाली घेतला. मी म्हटलं, तो घेणार नाहीत गं. ती शिवत राहिली. शेवटी कोपऱ्याला सुतळीचे वेढे देऊन तिनं कान काढला, बापासारखा घट्ट.

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या माणसानं कागद चाळले आणि शेवटच्या फॉर्मवर थांबला. हा कशाला जोडलाय, काढा, असं म्हणाला. वीस वर्षं पोरांच्या चुकांवर लाल रेघा मारणारी मी, सुतळीची गाठ सोडायला पुढं झाले. प्रांजल म्हणाली, "असू दे साहेब. त्यात पप्पांनी आधार लिवलाय."

त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा त्या रकान्याकडं. मग शिक्का मारला आणि गठ्ठा उचलून मागच्या टेबलावर ठेवला. उचलताना त्यानं कान धरला होता.